चोरी दुकानात, नुकसान गिऱ्हाइकाचं

जठारपेठेतल्या एका कापड दुकानाची वेबसाइट माझ्या हाती आली, ती चोरी झाल्यावर. दुकानदाराला मात्र चोरी झाली हेच पटत नव्हतं. साइट सुरू होती, ऑर्डरी येत होत्या, गल्ल्यातला रुपयाही कमी झाला नव्हता. "मायाजवळून चोर नेईन काय भाऊ?" ते मला विचारत होते. वेबसाइट सांभाळण्याच्या कामात हा प्रश्न मी अकोल्यातल्या बहुतेक व्यापाऱ्यांकडून ऐकला आहे.

त्यांचं काही गेलं नव्हतं, हे खरंच. गेलं होतं गिऱ्हाइकांचं. रामदासपेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकेला फोन आला: मॅडम, तुम्ही मागवलेल्या राणी रंगाच्या, मोरपंखी काठाच्या साडीचे पैसे दोनदा कापले गेलेत, परत पाठवतो, आलेली लिंक उघडा. बाई एरवी असल्या फोनला भुलणाऱ्या नव्हेत. पण साडीचा रंग, काठ, ऑर्डरची तारीख, घराचा पत्ता असं सगळं बिनचूक सांगणारा माणूस दुकानातलाच असणार, असं कुणालाही वाटेल. खात्यातून मोठी रक्कम गेली. मुलानं लगोलग 1930 वर तक्रार नोंदवली म्हणून त्यातली थोडी पुढच्या खात्यात गोठवता आली. बाकीची हातची गेली.

मी सर्व्हर उघडला. साइट बनवून देणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. प्लगइन जुनी, अपडेट न केलेली. पासवर्ड म्हणजे दुकानाचं नाव आणि पुढे 123. ॲडमिनच्या यादीत एक नाव कुणाच्याच ओळखीचं नाही. आणि ज्या फोल्डरातून साइट जगाला दिसते, त्याच फोल्डरात बॅकअपची झिप फाइल पडलेली. तिचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की ती कुणालाही उतरवून घेता येत होती. कुलूप तोडायची गरजच पडली नव्हती. आत आजवरच्या सगळ्या ऑर्डरी: नाव, मोबाइल, पत्ता, साडीचा रंग, किंमत, जन्मतारीख. लॉगमध्ये परक्या पत्त्यांवरून, मध्यरात्रीनंतर, ती फाइल उतरवल्याच्या नोंदी होत्या. त्या मी दुकानदाराला एकेक करून दाखवल्या, तेव्हा ते गप्प झाले.

"पण साइटवर ते कुलूप दिसते ना?" त्यांनी विचारलं. ब्राउझरमधली ती खूण एवढंच सांगते, की गिऱ्हाइकानं भरलेली माहिती वाटेत कुणाला वाचता येणार नाही. सर्व्हरवर पोहोचल्यावर ती कुठे, कशी ठेवली, याच्याशी त्या खुणेचा संबंध नाही. कार्डांचे नंबर तेवढे वाचले, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2022 पासून व्यापाऱ्याला ते स्वतःकडे साठवताच येत नाहीत. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. जे जवळ ठेवलंच नाही, ते चोरीला जाणार कसं?

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण मी त्यांना तेव्हाच सांगितलं. ऑगस्ट 2018 मध्ये मालवेअर घुसवून एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारी खोटी यंत्रणा उभी केली गेली, बनावट कार्डांनी 28 देशांतून पैसे काढले गेले, आणि अवघ्या दोन दिवसांच्या व्यवहारांत सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्या प्रकरणात 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयानं 11 जणांना शिक्षाही सुनावली. पण बँकेचा घाव बँकेला सोसता येतो. आमच्या इथे तो पेन्शनवर जगणाऱ्या बाईंनी सोसला, आणि ज्याच्या दुकानातून माहिती गेली त्याला पत्ताही नव्हता. मला राग येतो तो इथे.

पुढचा वाद जास्त अवघड होता. सगळ्या गिऱ्हाइकांना कळवायला हवं, असं मी म्हणालो. "लोकायले सांगतलं तं दुकान बसून जाईन," असं त्यांचं म्हणणं. मी 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याबद्दल सांगितलं: माहिती फुटली तर ज्यांची फुटली त्यांना कळवणं, आणि सुरक्षेची पुरेशी काळजी घेतली नाही तर 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद. आकडा ऐकून ते हादरले. पण माझा मुद्दा दंडाचा नव्हताच. यादीतल्या पुढच्या बाईंना तोच फोन येण्याआधी आपला निरोप पोहोचायला हवा होता.

निरोप गेला. काहींनी दुकानात येऊन सुनावलं, काहींनी पुन्हा न येण्याचं ठरवलं. साइट आम्ही नव्यानं उभी केली: दोन टप्प्यांचं लॉगिन, बॅकअप वेगळ्या जागी, अपडेटची जबाबदारी एका माणसाकडे. ऑर्डरचा फॉर्म तपासताना दुकानदारानंच विचारलं, "जनमतारीख कायले मांगत होतो आपन?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. तो रकाना काढला.

मग ते शिक्षिकाबाईंच्या घरी गेले. बाईंनी एकच मागितलं: माझी माहिती काढून टाका, आत्ताच. दुकानदारानं तिथूनच मला फोन लावला. बिल हिशेबासाठी ठेवणं भाग होतं. साइटवरचा पत्ता आणि मोबाइल नंबर मी फोन सुरू असतानाच काढला, आणि दुसऱ्या दिवसापासून जुन्या ऑर्डरींतून बाकीच्यांचे काढायला घेतले.