नऊ धावा

मराठीचा मास्तर असल्यामुळे असेल, पण क्रिकेटच्या बातमीत माझे लक्ष धावांच्या आधी शब्दांकडे जाते. त्यांतला 'नाबाद' हा शब्द मोठा रुबाबदार. कुणाच्या हाती न सापडता ताठ मानेने परत आलेला माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. मला मात्र त्या शब्दाबरोबर भाऊसाहेब निंबाळकर आठवतात आणि जिवाला हुरहूर लागते.

गोष्ट डिसेंबर १९४८ ची. पुण्याला पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा रणजी सामना होता. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग कोल्हापूरचे निंबाळकर खेळायला आले, ते परत जाईचनात! चारच दिवसांपूर्वी त्यांना एकोणतिसावे वर्ष पुरे झाले होते. कमल भांडारकरांनी २०५ धावा काढल्या. दोघांनी मिळून दुसऱ्या गड्यासाठी ४५५ जोडल्या. तिसऱ्या दिवशी विश्रांतीसाठी खेळ थांबला तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद होते.

त्या वेळी जगातला सर्वांत मोठा डाव ब्रॅडमनचा होता. त्याने १९३० साली सिडनीला, न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलंडविरुद्ध खेळताना नाबाद ४५२ धावा काढल्या होत्या. म्हणजे बरोबरीला नऊ धावा हव्या होत्या! दोन-तीन षटकांचे काम. पण काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, पुढे खेळायला तयार होईनात. त्यांनी सामना सोडला आणि संघ घेऊन ते चालते झाले. पराभव कबूल करायला नियमाची आडकाठी नव्हती आणि दोन दिवस चेंडूमागे धावून खेळाडूंचे पाय मोडून आले असतील, हेही खरे. तरी नऊ धावा! संस्थाने विलीन होतात; माणसाच्या अंगातले संस्थान विलीन व्हायला अंमळ वेळ लागतो.

लोक या नऊ धावांबद्दल हळहळतात. माझी हळहळ निराळी आहे. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला होता. मुंबईची कसोटी १३ डिसेंबरला संपली आणि कलकत्त्याची ३१ डिसेंबरला सुरू झाली. निंबाळकरांचा डाव नेमका या दोहोंच्या मध्ये आला. इतक्या मोक्याच्या वेळी कोणी निवड समितीचे दार ठोठावले नसेल! ते दार उघडले नाही. हजारे, मोदी, अधिकारी असे फलंदाज हाताशी असताना समितीची अडचण मी समजू शकतो. पण पुढे राष्ट्रकुल संघाविरुद्ध एका अनधिकृत सामन्यात खेळवून त्यांची बोळवण झाली, ती कायमची. हे काही केल्या समजत नाही.

बडोदा, महाराष्ट्र, होळकर, रेल्वे, जिकडे संधी मिळेल तिकडे ते खेळत राहिले. मध्यमगती गोलंदाजी करत, प्रसंगी यष्टींमागेही उभे राहत. ८० सामन्यांत ४८४१ धावा, बारा शतके, सरासरी ४७.९३, रणजी स्पर्धेत तर ती ५६ च्याही वर. त्यांतली अकरा शतके कोणाला ठाऊक आहेत? एका अवाढव्य डावाने बाकीची सगळी कारकीर्द गिळून टाकली.

आमच्या नाशकात गोल्फ क्लबच्या मैदानावर रणजी सामना असला की मी जातो. प्रेक्षक थोडेच असतात. शेजारच्या पोरांना लाराच्या ५०१ तोंडपाठ असतात. निंबाळकरांचे नाव काढले की ती विचारतात, "कसोट्या किती खेळले?" एकही नाही म्हटल्यावर त्यांची मान लगेच मैदानाकडे वळते. मग मी त्यांना सांगतो की भारतीय फलंदाजाने प्रथम दर्जाच्या सामन्यात याहून मोठा डाव अजून खेळलेला नाही. पृथ्वी शॉ २०२३ च्या जानेवारीत ३७९ पर्यंत पोचला आणि बाद झाला.

कसोटी संघाचे बोलावणे कधी आले नाही. क्रिकेट मंडळाचा सी. के. नायडू पुरस्कार मात्र मिळाला, तोही वयाची ऐंशी उलटल्यावर. ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरात भाऊसाहेब वारले. दुसऱ्या दिवशी त्यांना त्र्याण्णव वर्षे पुरी व्हायची होती.