एका खुल्या पत्राची नक्कल

नागपूरला कायद्याचे शिक्षण घेत असताना टंकलिखित पानांची जी एक नक्कल हातोहात फिरत माझ्यापर्यंत आली, आणि जी पुढे वकिलीत व वकिली सोडून लेखणी धरल्यावरही माझ्या मेजावरून हलली नाही, ती १६ सप्टेंबर १९७९ रोजी भारताच्या सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राची होती. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार ह्या चार कायदेपंडितांच्या त्याखाली सह्या होत्या.

पत्र ज्या निकालावर होते ते प्रकरण आमच्याच मुलखातले. भंडाऱ्यावरून वाहणारी वैनगंगा पुढे ज्या देसाईगंजाजवळून जाते, तेथील पोलीस ठाण्यात, २६ मार्च १९७२ च्या रात्री, एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मजूर मुलीवर बलात्कार झाल्याची फिर्याद होती. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले, आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तिच्या अंगावर जखमा नाहीत व प्रतिकार दिसत नाही ह्या कारणास्तव, पुन्हा निर्दोष ठरविले. संमती निराळी आणि सत्तेपुढची शरणागती निराळी, हे पत्राने दाखविलेच. पण मला त्याहून मोलाची वाटली ती त्याची विचारणा, की रात्रीची वेळ, ठाण्याची बंद दारे, मुलीचे वय, तिचे दारिद्र्य ह्या गोष्टी निर्णयाच्या बाहेर राहिल्या कशा? (निकालाचा आदर आणि निकालापुढे मौन ह्यांत आमच्या पेशात फार वेळा गल्लत होते.)

भंडाऱ्यास वकिली करू लागले तेव्हा तुमसर, मोहाडी, पवनीकडच्या बाया रोवणीचा रोज बुडवून कचेरीत येत. त्यांनी आपल्या बोलीत सांगितलेली हकीकत प्रश्नोत्तरांच्या साच्यातून निघून जबानीत उतरली, की तारीख, वेळ, ठिकाण सारे राही आणि भय तेवढे गळून जाई. हे गळालेले लिहून ठेवण्याची निकड मला प्रथम तेथे जाणवली.

कायदा हलला, तो त्या पत्रानंतर बायका रस्त्यावर आल्या म्हणून. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संमती नव्हती असे गृहीत धरण्याची तरतूद झाली. २०१३ साली प्रतिकाराचा अभाव म्हणजे संमती नव्हे, हे दंड संहितेतच आले.

आणि तरीही २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत दलित कुटुंबातील सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी व दोन मुलगे ह्यांची हत्या झाली. मायलेकींनी मारहाणीच्या एका प्रकरणात साक्ष दिली होती. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी धरून सहांना फाशी सुनावली, परंतु जातीय अत्याचाराचा कायदा लागू केला नाही; २०१० साली उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद दिली, आणि हत्येमागे सूड होता, जात नव्हती, हेच कायम ठेवले. तो निकाल वाचताना मी ती जुनी नक्कल शेजारी उघडून ठेवली होती. त्यानंतर मी नवे वकालतनामे घेणे बंद केले आणि लिहू लागले. साक्ष देणारी बाई कोण होती, तिची वस्ती कोणती, ती बोलली ह्याचाच गावाला इतका संताप का आला, हे न विचारता त्या सुडाचे स्वरूप कळते, हे मला आजही मान्य नाही.