रिकाम्या खुर्च्या आणि एक ‘रिडायरेक्ट’

राष्ट्रीय अंतराळ दिन जवळ आला की मला २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवते. ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवप्रदेशात अलगद उतरला आणि आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पण आत कितीतरी खुर्च्या रिकाम्या होत्या आणि ‘नोंदणी पूर्ण झाली’ म्हणून परतवलेली मुले व्हरांड्यात मोबाइलवर तोच क्षण पाहत होती. “सर, आत जागा आहे की!” असे एकाने म्हटले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

नोंदणीचा जावा प्रोग्राम मीच लिहिला होता. अर्ज ‘पोस्ट’ विनंतीने येई, सर्व्हलेट तो डेटाबेसमध्ये नोंदवी आणि ‘फॉरवर्ड’ करून आभाराचे पान दाखवी. फॉरवर्ड हा सर्व्हरच्या आतला व्यवहार आहे. विनंती तीच राहते, ब्राउझरला या हस्तांतराची गंधवार्ताही नसते. म्हणून पान रिफ्रेश केले की तो आपली शेवटची विनंती, म्हणजे तोच अर्ज, पुन्हा पाठवतो. तत्पूर्वी तो इशारा देतो खरा. पण घाईत तो वाचतो कोण? एकेका नावावर दोन-दोन, तीन-तीन जागा अडल्या.

उपाय साधा होता. नोंद होताच ‘सेंडरिडायरेक्ट’ करावे. मग सर्व्हर पानाऐवजी ३०२ हा संकेतांक आणि ‘लोकेशन’ या हेडरमध्ये नवा पत्ता पाठवतो. ब्राउझर त्या पत्त्यावर नवी ‘गेट’ विनंती करतो. आता रिफ्रेश केल्यास केवळ पान पुन्हा येते, अर्ज जात नाही. काटेकोरपणे पाहता येथे ३०३ अधिक योग्य, कारण पुढची विनंती ‘गेट’नेच करावी, हे तो निःसंदिग्धपणे सांगतो.

विद्यार्थिमित्रांनो, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सेंडरिडायरेक्टनंतरही पुढच्या ओळी चालतच राहतात, म्हणून लगेच ‘रिटर्न’ लिहावे. आणि पहिल्या विनंतीला जोडलेली माहिती दुसरीत पोहोचत नाही; ती सेशनमध्ये किंवा पत्त्यातच द्यावी लागते.

बटण दोनदा दाबणाऱ्याला मात्र रिडायरेक्टही अडवू शकत नाही. म्हणून २०२४ च्या पहिल्या राष्ट्रीय अंतराळ दिनाआधी मी डेटाबेसमध्ये हजेरी क्रमांकाला एकमेवतेचे बंधनही घातले. त्या दिवशी व्हरांडा रिकामा होता.