भुईलगतची नावे

गेल्या पावसाळ्यात आम्ही वस्तीतल्या चार कुटुंबांसह नाशिकची त्रिरश्मी लेणी पाहायला गेलो. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. एकूण २४ लेणी. शिलालेखांत या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी असे येते. पायऱ्या चढताना आमची मुले दगडांच्या फटीपाशी थांबली. “हे क्लोव्हर! पुस्तकात चित्र आहे.”

पान तसेच होते, तीन दलांचे. पण सोबतच्या आजींनी एक पान तोडून चघळले आणि म्हणाल्या, “आंबुशी हाय ही. आंबट लागती बघा.”

आजींचेच खरे होते. क्लोव्हर हे मेथी आणि लसूणघासाच्या कुळातले. आपल्याकडे जनावरांना घालतात तो बरसीम म्हणजे मिसर देशाचे क्लोव्हरच. त्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र साठतो आणि जमिनीला खत मिळते. आंबुशीला अशा गाठी नसतात. तिच्या पर्णिका बदामाच्या आकाराच्या, फूल पिवळे. आणि आपण तीन पाने म्हणतो, ते खरे तर एकच संयुक्त पान, तीन पर्णिकांचे.

उतरताना आजी एकेक नाव सांगू लागल्या. घोळ, चिवळ, माका, सराटा, भुईआवळी, भुईरिंगणी. नावात ‘भुई’ आली की समजावे, रोप जमिनीला धरून वाढणारे. टाकळा दिसला. हाच विदर्भात तरोटा, मराठवाड्यात तरवटा. “भात्तरच्या दुष्काळात ह्यावरच दिवस काढले,” आजी म्हणाल्या. १९७२ साल आम्ही फक्त ऐकलेले.

एका मुलाने विचारले, “मग पुस्तकात याला तण का म्हणतात?”

“शेत ज्याचं, त्याला ते तण. आम्ही खुरपायला जायचो, आम्हाला ती भाजी.”

आम्ही कचेरीत अशा आजींच्या अर्जावर ‘निरक्षर’ असा शेरा मारतो. त्या दिवशी आमची लेक बसच्या तिकिटांच्या पाठीवर त्यांची नावे लिहून घेत होती. जागा संपली, नावे संपली नाहीत.

वाचकहो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन एकदा माळावर जा. पोरांच्या हाती वही द्या. ओळख पटल्याशिवाय काही तोंडात घालू नका. पण नाव मात्र विचारल्याशिवाय परत येऊ नका.