फुलांचेही पथ्य : दादरच्या फुलबाजारातील एक पहाट

आजारातून उठणाऱ्या माणसाला भेटायला जाताना रिकाम्या हाताने जाणे आपल्याला बरे वाटत नाही. फळे पथ्यात बसतील की नाही ठाऊक नसते, मिठाईचा तर प्रश्नच नाही. मग फुले बरी, असे आपण ठरवतो. फुलांनाही पथ्य असते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. ते समजून घ्यायचे, तर एकदा माझ्याबरोबर दादरला चला.

स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडा. पावसाळ्यातली पहाट आहे, नीट उजाडलेलेही नाही. पण फुलबाजार केव्हाच जागा झाला आहे. ओल्या गोणपाटांवर झेंडूचे ढीग आहेत, शेवंती तराजूत पडते आहे, कागदात गुंडाळलेल्या गुलाबांच्या आणि जरबेराच्या गड्ड्या उभ्या आहेत. वसईकडून लोकलने आलेला सोनचाफा टोपल्यांत आहे. पायांखाली पाकळ्यांचा चिखल असतो, तेव्हा जपून चाला. गुडघ्यांची तक्रार असेल, तर गर्दी ओसरल्यावर आलात तरी चालेल.

दोन वर्षांपूर्वी याच बाजारातून मी निशिगंधाची मोठी जुडी नेली होती. माझी आत्या न्यूमोनियातून सावरून नुकतीच घरी आली होती. खोली लहान, खिडकी बंद. निशिगंध रात्रीच अधिक दरवळतो. त्याच्या नावातच ते आहे. तिला रात्रभर खोकल्याची उबळ येत राहिली. पहाटे सुनेने फुले गॅलरीत नेऊन ठेवली. ‘‘फुलं सुंदर होती रे, माझीच छाती त्यांना पुरी पडली नाही,’’ असे आत्या मला म्हणाली. मला वाईट वाटेल म्हणून तिने रात्री कुणाला उठवलेसुद्धा नव्हते.

आजारी माणूस भेटीला नको म्हणू शकत नाही. म्हणून काय नको, ते आपणच आधी विचारायचे असते.

आता आत्याच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि ती घरी परतली आहे. मी पुन्हा याच वाटेवर उभा आहे. एका फूलवालीने विचारले, ‘‘देवाला पाहिजेत का लग्नाला?’’ आजारी माणसासाठी हवीत म्हटल्यावर तिने मोगऱ्याची टोपली बाजूला सारली. ‘‘मग उग्र वासाचं नको, दादा,’’ ती म्हणाली.

तिचे म्हणणे खरे आहे. दमा, जुना खोकला किंवा मळमळ असलेल्या माणसाला निशिगंध, मोगरा, सुवासिक लिली यांचा गंध सोसत नाही. शेवंती, अ‍ॅस्टर, जरबेरा आणि झेंडू ही एकाच कुळातली फुले. काहींना त्यांची अ‍ॅलर्जी असते. लिली न्यायचीच असेल, तर बिनवासाची निवडावी आणि तिचे परागकोश आधीच खुडून टाकावेत. ऑर्किडला बहुधा वास नसतो, त्याचे पराग हवेत उडत नाहीत आणि ते बरेच दिवस टिकते. पॉलिहाउसमधल्या बहुतेक गुलाबांना गंध जेमतेमच असतो. अर्धवट उमललेले घ्यावेत आणि काटे काढून मागावेत.

रुग्णालयात फुले नेण्यापूर्वी परिचारिकेला जरूर विचारा. अतिदक्षता विभागात ती सहसा चालत नाहीत. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाजवळ तर ताजी फुले, सुकी फुले, मातीची कुंडी यांपैकी काहीच ठेवू नये. फुलदाणीच्या पाण्यात जिवाणू वाढतात, मातीत बुरशी असते. प्रतिकारशक्ती खालावलेल्या शरीराला ती घातक ठरू शकते. इतरांनीही पाणी रोज बदलावे, देठाचे टोक तिरके कापावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. जखमेची मलमपट्टी करणाऱ्याने हे काम शक्यतो दुसऱ्याकडे सोपवावे. फुलदाणी बुटकी आणि जड बुडाची हवी, निजल्या जागेवरून दिसेल अशी. पण औषधांच्या शेजारी किंवा चालण्याच्या वाटेत नको.

एवढी बंधने असतील, तर फुले हवीतच कशाला, असे तुम्ही म्हणाल. अमेरिकेतील संशोधक रॉजर उलरिच यांनी 1984 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हा अभ्यास झाडांचा होता, फुलांचा नव्हे, आणि लहानही होता. तरी महिनाभर एकाच छताकडे पाहत पडलेल्या माणसाला काही जिवंत, उमलणारे दिसावे, हे आपल्यालाही पटते.

या वेळी मी बाजारातूनच आत्याला फोन केला आणि काय आणू, असे विचारले. ती वसईची. क्षणभर थांबून म्हणाली, ‘‘सोनचाफा. पण एकच आण हं.’’ मग मी सुनेलाही विचारले. छाती आता स्वच्छ आहे, खोकला नाही, दिवसा खिडकी उघडी असते, असे तिने सांगितले.

पाच फिकट गुलाबी गुलाब आणि पानात जपून ठेवलेला एक सोनचाफा घेऊन मी गेलो. आत्याने तो हातभर अंतरावर धरून वास घेतला, मग जरासा जवळ नेला. थोड्या वेळाने तिने तो स्वतःच माझ्या हाती दिला. ‘‘आता बशीत पाणी घालून खिडकीत ठेव,’’ ती म्हणाली, ‘‘आणि संध्याकाळी जाताना बाहेरच्या खोलीत ने.’’