सगळे घरात होते तेव्हा

पेठ बीडातल्या आमच्या घरात माणसं भरपूर, पण ती सगळी एकाच वेळी घरात कधी नसत. अप्पा, म्हणजे माझे सासरे, दिवस उगवायच्या आत देवदर्शनाला निघत. थोरले दीर माळीवेशीतलं दुकान उघडायला जात. आमचे हे आठवड्यातले बरेच दिवस मळ्यात. मी आणि धाकटे दीर दोघंही शिक्षक, आम्हाला गेवराईकडची एसटी गाठायची असे. मुलांच्या शाळा दोन पाळ्यांत. एक जण उंबरा ओलांडून गेला की त्याची न्हाणीतली, आरशापुढची, आईंच्या म्हणजे सासूबाईंच्या पलंगाजवळची जागा दुसऱ्याला मिळायची. एवढं मोठं खटलं भांडणावाचून चालायचं ते या ये-जा करण्यावर. दिवाळी आणि घरातलं एखादं कार्य सोडलं तर सगळी ताटं एकदम मांडायची वेळच येत नसे.

२२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू झाला, २४ तारखेच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशीचा गुढीपाडवा आम्ही १९ जणांनी दार लावून साजरा केला. त्यातले चौघे नुकतेच पुण्याहून आलेले. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यातच सापडले होते, त्यामुळे गल्लीत कुजबुज सुरू झाली. अप्पांनी स्वतः शेजारी जाऊन, दारात लांब उभं राहून सांगितलं, की पोरं चौदा दिवस माडीवरून खाली उतरणार नाहीत. ती उतरली नाहीत. त्यांचं जेवण जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलं जाई, भांडी त्यांनीच वर घासायची.

पण सरकारी सूचना वाचताना मला सारखं वाटायचं, की त्या लिहिताना आमच्यासारखं घर कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हतं. संशयिताला स्वतंत्र खोली, स्वतंत्र न्हाणीघर, माणसामाणसांत अंतर. आमच्याकडे न्हाणी दोन आणि माणसं १९. वारंवार हात धुवा म्हणायचं, तर बीडच्या नळाला रोज पाणी येत नाही. पाणी आलं त्या दिवशी हौद, टिपं, घागरी, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवायची आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायची ही इथली रीत. सगळे घरात, त्यात हातधुणं, म्हणून हौद निम्म्या वेळात तळाला जाऊ लागला. मग हात धुतलेलं पाणी खाली बादलीत धरायचं आणि ते संडासात वापरायचं, असा आईंनी नियम केला. दुष्काळात वाढलेली माणसं आहेत ती, त्यांना हे शिकवावं लागलं नाही.

एका बाबतीत मात्र आमचं घर शहरातल्या नातेवाइकांपेक्षा कितीतरी सुखी होतं. शाळू नुकताच घरात आला होता. सालाचं धान्य भरून ठेवायचे हेच दिवस. हरभरा, तूर, करडईचं तेल, काळा मसाला, शेंगदाणे सगळं होतं. भाजी नसली तर बेसन, येसराची आमटी, हुलग्याचं माडगं. संचारबंदी शिथिल झाल्यावर बाजारात झुंबड उडायची, त्यात आम्हाला क्वचितच जावं लागलं. उन्हाळी कामंही वेळेवर झाली. आधी कुरडयांसाठी गहू भिजत घातले, मग पापड, शेवया, बाजरीच्या खारोड्या. एरवी गल्लीतल्या बायका एकमेकींकडे हाताखाली जातात, त्या वर्षी कुणी कुणाकडे जाईना. तेव्हा पहिल्यांदाच घरातल्या पोरांना शेवयांच्या यंत्राचा दांडा फिरवावा लागला. थोरल्या दिरांची मुलगी दहावीत होती, तिचा २३ मार्चचा भूगोलाचा पेपर लांबला आणि एप्रिलमध्ये रद्दच झाला. अभ्यास करावा की नाही या घोळात ती तीन आठवडे पुस्तक मांडीवर घेऊन पापड राखत गच्चीवर बसायची.

मला सांगायचं आहे ते मात्र स्वयंपाकघराबद्दल.

एका वेळेला चाळीसेक भाकरी लागत. भाकरी आधी करून ठेवली की कडक होते, म्हणून ती खाणाऱ्याच्या वेळेला थापायची. आणि खाणाऱ्यांच्या वेळा तर सुटूनच गेल्या होत्या. दुकान नाही म्हणून थोरले दीर दहाला जेवणार, मुलं रात्री जागणार आणि बाराला उठणार, अप्पांची एकादशी वेगळी. २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामायण पुन्हा लागलं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. सगळे टीव्हीपुढे जमत आणि ते संपलं की चहा. पहाटे पेटलेला गॅस रात्री अकरापर्यंत विझत नव्हता. माझ्या थोरल्या जाऊ, आम्ही त्यांना बाई म्हणतो, सकाळी ओट्यापाशी उभ्या राहत त्या दिवेलागण झाली तरी तिथंच. मी आणि धाकटी जाऊ हाताखाली होतोच, पण परातीवर त्यांचाच हात चाले.

मी रोज नोकरीला जाणारी. सकाळी भाजी चिरून, डबे भरून निघायचे, संध्याकाळी येऊन भांडी, रात्रीची पोळी. मधल्या आठ तासांत या घरात काय काम चालतं ते मी त्या वसंतात पहिल्यांदा जवळून पाहिलं. माणसं बाहेर असतात तेव्हा शाळेचा शिपाई, स्टँडवरचं हॉटेल, दुकानाशेजारचा चहावाला असे कितीतरी जण त्यांना चहापाणी देत असतात. ते सगळं काम एका रात्रीत बाईंच्या अंगावर येऊन पडलं, आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. कारण भरलेलं घर ही आपल्याकडे देवाची कृपा समजतात. मीही तसंच समजते. पण ते भरलेलं ठेवायला कुणाचे किती तास जातात, हेही त्याच आदरानं बोललं गेलं पाहिजे. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. तिचा अहवाल २०२० च्या सप्टेंबरात आला. विनामोबदला घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, करणाऱ्या पुरुषाची ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात २६ होते. ही पाहणी टाळेबंदीच्या आधीच्या, साध्या वर्षातली.

याच काळात धाकट्या दिरांना जिल्ह्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर ड्यूटी लागली. ते परतले की ढाळजेत झोपत, त्यांचं ताट दुरून सरकवलं जाई, त्यांचा लहान मुलगा माजघराच्या दारातून त्यांच्याशी बोले. ते नाक्यावरच्या गोष्टी सांगत. पायी निघालेली माणसं, ट्रॅक्टर, पत्रे आणि संसार लादलेल्या गाड्या. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास इथली गावंच्या गावं सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर, पार कर्नाटकापर्यंत उठून जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हातारी माणसं आणि शाळकरी लेकरं मागं राहतात. ‘घरात राहा’ हा हुकूम आला तेव्हा लाखभराहून जास्त माणसं फडात आणि कारखान्याच्या तळांवर कोप्यांत होती. घर कुठं आणि ती कुठं! १७ एप्रिलला राज्य सरकारनं त्यांना गावी परतायची परवानगी दिली. ३८ कारखान्यांच्या तळांवरचे सव्वा लाखावर कामगार तपासणी करून परतणार होते.

आमच्या मळ्याशेजारच्या वस्तीवर एक म्हातारी तीन नातवंडांना घेऊन राहत होती. लेक-सून सांगलीकडे. ती दोघं आली तेव्हा गावानं त्यांना शेतातच थांबायला सांगितलं. म्हातारी बांधाच्या अलीकडे भाकरी ठेवून मागं सरे, मग सून येऊन ती उचले. नातवंडं आजीच्या पदराआडून आईकडे बघत. आमचे हे ते पाहून आले आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत. आमच्याकडे माणसं जास्त झाली म्हणून आम्ही कावलो होतो. तिथं सहा महिन्यांनी कुटुंब एका शिवारात आलं होतं, तरी मध्ये बांध होता.

ती हकीकत ऐकल्यावर बाई बरंच काही मनात जुळवत असाव्यात. दोन दिवसांनी दुपारी, सगळी ताटं उचलून झाल्यावर, त्या अप्पांसमोर येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “अप्पा, दुपारी एक ते चार मी ओट्यापाशी यायची नाही. ज्यांना च्या लागंल त्यांनी करून घ्यावा.” त्या घरात मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. अप्पांनी चष्मा काढला, पुसला आणि थोरल्या मुलाला म्हणाले, “ऐकलंस का? भांडीसुद्धा तुम्हीच विसळा.” बाई माडीवर गेल्या, आतून कडी लावून घेतली आणि झोपल्या.

पहिले काही दिवस चहा उतू जात होता, साखरेचा डबा सापडत नव्हता आणि तीनदा हाका जायच्या आत धाकटी जाऊ उठायला बघायची. आईंनी तिला हात धरून खाली बसवलं. मग पुण्याच्या पुतण्यानं भाकरी शिकायला घेतली. ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून पीठ कढत पाण्यात मळावं लागतं, तरच भाकरी परातीत न चिरता थापली जाते. ते त्याला आठवडाभरात जमलं. थोरल्या दिरांना भाकरी जमली नाही, पण रात्रीचं दूध तापवणं, विरजण लावणं त्यांनी आपल्याकडे घेतलं ते चोख केलं.

जूनमध्ये दुकान उघडलं, पुणेकर परत गेले. १ जुलैच्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. दरवर्षी वारीला जाणारे अप्पा तेव्हा घरातच टाळ घेऊन बसले होते. त्या दिवशी फराळ बाईंनी केला आणि दुपारची कडीही लावली. दुकान सुरू झाल्यावर चहाचं काम पुन्हा हळूहळू बायकांकडे सरकू लागलं, तेव्हा त्यांनी तो विषय पुन्हा काढला, या वेळी जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर. विरजण अजून थोरले दीर लावतात. दुपारच्या भांड्यांवरून मात्र दोघांत अजूनही बोलाचाली होते, आणि बाई माघार घेत नाहीत.