तालमीचे देणे

गेल्या मार्गशीर्षात एका रात्री कोल्हापूरहून पुतण्याचा दूरध्वनी आला. आवाज दबलेला होता. "काका, तालमीची माणसं सोप्यात बसलीत. आबा काही बोलेनात. आता तुम्हीच काय ते सांगा." प्रसंग असा होता की त्याचा तेरा वर्षांचा मुलगा परगावच्या एका फुटबॉल अकादमीत निवडला गेला होता आणि महिन्याभरात त्याला तेथे हजर व्हायचे होते, आणि ज्या तालमीचा गणवेश आमच्या घराने तीन पिढ्या अंगावर घातला, तिच्या मुलांच्या संघाचा हंगाम नेमका त्याच सुमारास उभा राहत होता. सोप्यात बसलेल्यांपैकी एक वृद्ध गृहस्थ माझ्या वडिलांबरोबर खेळलेले. त्यांचे वाक्य मला दूरध्वनीतूनही स्पष्ट ऐकू आले : "पोरगं तुमच्या एकट्याचं नव्हं, तालमीचं हाय."

कोल्हापूर ज्यांनी पाहिले नाही त्यांना हे वाक्य अतिशयोक्तीचे वाटेल. तालीम हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. उर्दू-हिंदीत त्याने शिक्षण हा मूळ अर्थ जपला. मराठीत तो लाल मातीच्या आखाड्यात उतरला, नाटकाच्या सरावातही शिरला, आणि कोल्हापुरात तर तो चक्क फुटबॉलचा संघ झाला. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही फुटबॉलच्या संघांची नावे आहेत असे मी दिल्लीतील मित्रांना सांगतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. पण त्यात नवल नाही. कुस्तीला राजाश्रय मिळाला तो शाहू महाराजांचा. पुढे संस्थानाच्या अखेरच्या दशकात, 1940 मध्ये, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली आणि ज्या पेठांतली मुले आखाड्यात घुमत होती त्याच पेठांतली मुले चेंडूमागे धावू लागली. संघ निघाले ते तालमींचेच. आजही शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ समोरासमोर आल्या की त्या दिवशी शहरात दुसरा विषय निघत नाही.

तालमीचे आमच्या घरावर असलेले देणे केवळ खेळाचे नाही. दादाचा पाय मैदानावर मोडला तेव्हा मिरजेच्या इस्पितळाचा खर्च तालमीने वर्गणी काढून भागवला. वडील गेले त्या पहाटे, मी दिल्लीहून निघण्यापूर्वीच, तिरडी बांधून दारात उभी होती. बांबू कोणी आणले, गोवऱ्या कोणी आणल्या, हे आईला अखेरपर्यंत कळले नाही. 2019 च्या पुरात आमची नदीकाठची आत्या, तिच्या दोन शेळ्यांसह, आमच्या माडीवर आणून पोहोचवली ती तालमीच्याच पोरांनी. अशा संस्थेला 'क्लब' म्हणणे मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे. वर्गणी थांबवली की क्लबाशी असलेला संबंध थांबतो. येथे तो थांबत नाही. घर विकून उपनगरात गेलेली माणसेसुद्धा गणपतीला पेठेत येऊन उभी राहतात.

तरीही मला तो वृद्ध आवाज बोचला, आणि त्याचे कारण जुन्या मराठी व्यवहारातच आहे. आपल्याकडे गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असा भेद असे. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क. उपरी आला, कसून गेला. तालमी स्वतःच्या घरांना मिरासदार मानतात, परंतु गेल्या काही वर्षांत संघ उभा करताना त्या उपऱ्यांनाही पैसे मोजून आणतात. परगावचेच नव्हे, आफ्रिकेतले खेळाडूही कोल्हापूरच्या मैदानावर पेठेचा रंग घालून खेळले आहेत. मला त्यांचे वावडे नाही. त्यांतल्या एकाचा खेळ पाहताना दादाच्या डोळ्यांत आलेले पाणी मी पाहिले आहे. माझे म्हणणे एवढेच की जिंकण्यासाठी बाहेरचा माणूस आणण्याचे स्वातंत्र्य तालीम घेते, तर शिकण्यासाठी बाहेर जाण्याचे स्वातंत्र्य तिने तेरा वर्षांच्या मुलाला का नाकारावे? मिरासदारी हक्काची असते, तशी ती सोडून देण्याजोगीही असते. वेठ मात्र सोडता येत नाही. आणखी एक गोष्ट सोप्यात कोणी काढली नाही, ती मी येथे काढतो : आदल्या हंगामात हा मुलगा बहुतेक सामने बाकावर बसून होता, कारण त्याच्या जागी एका पदाधिकाऱ्याचा भाचा खेळत होता. तेव्हा पोरगे कोणाचे होते?

कोलकात्यात मी एक वर्ष अध्यापनानिमित्त काढले. तेथील माझे सहकारी पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबातले. 1920 मध्ये स्थापन झालेला ईस्ट बंगाल हा त्यांच्या घरात जणू कुलदैवताच्या पंगतीला बसलेला. संघ जिंकला की इलिश आणावयाची, हा नियम. त्यांना मी एकदा विचारले, तुमचा मुलगा चांगला खेळू लागला आणि मोहन बागानने बोलावले तर? ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, मुलगा जाईल, पण त्याच्या पहिल्या गोलला घरात टाळी कोणी वाजवणार नाही. मला हे उत्तर फार शहाणपणाचे वाटले. तेथे प्रेक्षकाची निष्ठा पिढीजात आहे. खेळाडूची मात्र दरवर्षी कसोटीला लागे. दलबदलाच्या दिवसांत क्लबांनी खेळाडू कुठे कुठे लपवून ठेवल्याच्या कथा बंगाली माणूस अजूनही चवीने सांगतो.

अर्थात तेथेही एकनिष्ठ होतेच. 1951 च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार शैलेन मन्ना 1942 पासून 1960 पर्यंत मोहन बागानमध्येच राहिले. 1962 च्या जकार्ता येथील सुवर्णपदकाचे कर्णधार चुनी गोस्वामी तर आठव्या वर्षी, 1946 मध्ये, तेथील बालसंघात दाखल झाले आणि 1968 पर्यंत दुसरीकडे गेले नाहीत. ही उदाहरणे आमच्या तालमीतही दिली जातात. मात्र ती देणारे एक गोष्ट विसरतात : मन्ना जिऑलॉजिकल सर्व्हेत नोकरीला होते आणि गोस्वामी स्टेट बँकेत. खेळावर चूल अवलंबून नव्हती, म्हणून निष्ठा परवडली, असे म्हणणे त्यांच्या थोरवीला उणेपणा आणणारे नाही; पण ज्याला खेळावरच जगावयाचे आहे त्याच्यापुढे ते आदर्श ठेवताना थोडे थबकावे.

6 ऑक्टोबर 2017 ची संध्याकाळ मला आठवते. सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारताचा पहिला सामना दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर अमेरिकेशी होता. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. मी तिकीट काढून गेलो. भारत 0-3 हरला, पण रात्री दादाचा दूरध्वनी आला तो पराभवाबद्दल नव्हताच. "आपलं पोरगं पाहिलंस का रे?" हा एकच प्रश्न त्याने तीनदा विचारला. अनिकेत आमच्या पेठेचा की दुसऱ्या, हे त्याने एकदाही काढले नाही. आणि हा मुलगा लहान वयात कोल्हापूर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला होता म्हणूनच त्या मैदानावर उभा होता, हे दोघांनाही ठाऊक होते.

फुटबॉलच्या जागतिक संघटनेने या देण्याचा हिशेबही मांडून ठेवला आहे. व्यावसायिक खेळाडू कराराच्या मुदतीत परदेशातील क्लबाला विकला गेला, तर त्या रकमेतील पाच टक्के, त्याच्या वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षांपर्यंत त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटावयाचे. मला या नियमात न्याय दिसतो. पण तो क्लबाने क्लबाला द्यावयाचा आहे. मुलाच्या पायांनी फेडावयाचा नाही. आणि तिरडीच्या बांबूंचा हिशेब त्यात कोठे बसणार? ते देणे घराचे आहे, घरातल्या मोठ्या माणसांनी फेडावे.

मी पुतण्याला हेच सांगितले, फारसे शब्द न सजवता. मुलगा जाऊ दे, आणि तू स्वतः रविवारी सकाळी तालमीतल्या लहान पोरांना शिकवायला जा. पूर्वी जात होतास, ते का सोडलेस? पलीकडे शांतता पसरली. मग दूरध्वनी सूनबाईने घेतला. ही मुलगी गडहिंग्लजची, फुटबॉलचे वेड तिकडेही कमी नाही. ती म्हणाली, "काका, पाच वर्षं पहाटे साडेपाचला त्याचा डबा मी भरते. मला कुणी विचारलंच नाही अजून." मी विचारले. ती म्हणाली, "जाऊ दे. मला रडू येईल, पण जाऊ दे."

माझ्या सल्ल्याला एक गालबोट आहे, ते लपवीत नाही. 1976 मध्ये मी पेठ सोडली तेव्हा कोणी सोप्यात येऊन बसले नव्हते. मी खेळत असे, पण चेंडू माझ्याकडे आला की प्रेक्षकांतील ओळखीची माणसे मान फिरवीत. अशा माणसाला जाणे सोपे असते. दादाला ते कधीच सोपे नव्हते. त्यालाही एकदा मुंबईहून बोलावणे आले होते, आणि वडिलांनी याच सोप्यात नाही म्हटले होते. त्या रात्री तो गप्प का होता, हे मला दूरध्वनी ठेवल्यावर ध्यानात आले.

मुलगा पौषात गेला. त्याच्या जाण्याच्या दिवशी तालमीतून कोणी आले नाही, असे पुतण्याने कळवले; मात्र दादा नेहमीप्रमाणे संध्याकाळी कट्ट्यावर गेला आणि त्याची जागा त्याच्यासाठी रिकामी होती. पुतण्या रविवारी मैदानावर जातो. दरवर्षी गणपतीच्या आधी तालमीच्या वर्गणीची पावती मला टपालाने येते, माझ्या नावाची, रक्कम दादाने भरलेली. या वर्षी पाकिटात दोन पावत्या निघाल्या. दुसरीवर मुलाचे नाव होते, आणि पत्ता आमच्या जुन्या घराचाच.